दारची काकडी, परक्याचे ताट

म्हैसूरच्या देवराज मार्केटमध्ये सकाळच्या वेळी एक फेरी मारली, की त्या मुलखात काय पिकते आणि काय खाल्ले जाते, याचा हिशेब मिळून जातो. नंजनगूडची रसबाळे केळी, म्हैसूरची विड्याची पाने, हातावर मापून दिली जाणारी म्हैसूर मल्लिगेची फुले. या तिघांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भाजीच्या रांगेत काकड्याही असतात. कोशिंबिरीची कोवळी काकडी असते, सांबारात घालायची जाड सालीची पिवळी काकडी असते. कोणती कशासाठी, हे गिऱ्हाइकाला सांगावे लागत नाही.

या बाजारात दिसत नाही ती एकच काकडी. गंमत अशी, की याच कर्नाटक राज्यात ती हजारो एकरांवर पिकते. बोटाएवढी, खडबडीत सालीची, पुरती वाढण्याआधीच खुडलेली. इंग्रजीत तिला घेर्किन म्हणतात आणि कन्नडमध्ये मिडी सौते. मिडी म्हणजे अगदी कोवळे फळ आणि सौते म्हणजे काकडी. मिडी आंब्याचे म्हणजे कोवळ्या कैरीचे लोणचे कर्नाटकात घरोघरी आवडीने घातले जाते. पण मिडी सौतेची बरणी मात्र तिथल्या फडताळात सहसा सापडत नाही. ती शेतातून थेट कारखान्यात जाते, कारखान्यातून बंदरावर आणि बंदरातून परदेशी. अमेरिकेत हॅम्बर्गरमध्ये जी आंबट चकती असते ती हीच, आणि फ्रान्समध्ये जेवणाच्या टेबलावर व्हिनेगरच्या बाटलीत असते तीही हीच.

भारत आणि अमेरिका यांच्यातील व्यापाराच्या बातम्या वाचताना डोळ्यांपुढे येतात ते मंत्री, करार आणि अब्जावधी डॉलर. पण या व्यापाराचे एक टोक पाऊण एकराच्या शेतात असते. ते नीट पाहायचे, तर या काकडीसारखे दुसरे उदाहरण नाही.

पाऊण एकराचा हिशेब

घेर्किनची लागवड, प्रक्रिया आणि निर्यात भारतात १९९० नंतर सुरू झाली, आणि तीही कर्नाटकातच. पुढे ती तामिळनाडू, आंध्र प्रदेश आणि तेलंगणात पसरली. कृषी निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ या सरकारी संस्थेने २०२२ च्या जानेवारीत दिलेल्या माहितीनुसार भारत घेर्किनचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार देश ठरला होता. २०२०-२१ या वर्षात काकडी आणि घेर्किन मिळून २ लाख २३ हजार टनांहून अधिक माल परदेशी गेला. त्याची किंमत होती २२ कोटी ३० लाख डॉलर. वीसहून अधिक देश हा माल घेतात. त्यात अमेरिका आहे, फ्रान्स, जर्मनी, स्पेन, रशिया, ऑस्ट्रेलिया आणि जपानही आहेत.

आता याच माहितीतील दुसरे आकडे पाहा. हे पीक करारावर घेणारे शेतकरी सुमारे ९० हजार आणि एकूण क्षेत्र ६५ हजार एकर. म्हणजे एका शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी पाऊण एकरही येत नाही. पीक ९० दिवसांचे. एकरी सुमारे ४ टन माल निघतो, त्याचे ८० हजार रुपये होतात आणि खर्च वजा जाता ४० हजार हातात राहतात.

तीन महिन्यांत एकरी ४० हजार ही कोरडवाहू भागातील शेतकऱ्याला लहान रक्कम नव्हे. बी कंपनी देते, खते-औषधे ती उधारीवर पुरवते, कंपनीचा माणूस शेतावर येऊन पाहणी करून जातो, माल उचलायला गाडी दारात येते आणि दर पेरणीआधीच ठरलेला असतो. टोमॅटोचा भाव पडला म्हणून तो रस्त्यावर ओतून देण्याची पाळी ज्याने पाहिली आहे, त्याला ठरलेल्या दराचे मोल सांगायला नको.

मात्र कष्टही तसेच. तोडणी सुरू झाली, की रोज शेतात उतरावे लागते. ही काकडी जितकी बारीक, तितका तिचा दर जास्त. एका किलोत १६० हून अधिक बसतील एवढी बारीक काकडी सर्वांत मोलाची. एखादे दिवशी घरात लग्न आहे किंवा मूल आजारी आहे म्हणून तोडणी चुकली, तर दुसऱ्या दिवशी तीच फळे फुगलेली असतात आणि त्यांचा दर उतरतो. फार मोठी झालेली काकडी कंपनी घेतच नाही. वेलीखाली वाकून ही बारीक फळे खुडण्याचे काम बहुतेक बायकांच्या हातून होते. घरची सून, सासू आणि शेजारची मजूर बाई यांच्या पाठीवर हे पीक उभे असते.

शेतकऱ्याला किलोमागे ढोबळ मानाने २० रुपये पडतात. निर्यातीची किंमत त्या वर्षीच्या हिशेबाने किलोला एक डॉलर, म्हणजे ७४ रुपयांच्या आसपास. मधल्या रकमेत प्रतवारी, धुणे, मीठ-व्हिनेगर, पिंपे आणि बाटल्या, कामगारांची मजुरी, वाहतूक आणि कारखानदाराचा नफा असे सारे येते. हे सर्व फुकट होत नाही, त्यामुळे नुसत्या या दोन आकड्यांवरून कुणी कुणाला लुबाडले असे म्हणता येणार नाही. खरा प्रश्न निराळाच आहे. कंपनीने माल घेतला नाही, तर शेतकऱ्याने तो कुठे न्यायचा?

पिवळी काकडी असती तर टोपलीत भरून देवराज मार्केटला नेता आली असती. भाव कमी मिळाला असता, पण गिऱ्हाईक मिळाले असते. घेर्किनला तिथे गिऱ्हाईकच नाही. तिचा बाजार सात समुद्रांपलीकडे आणि तिथे जाण्याचा रस्ता एकाच कंपनीच्या गाडीतून.

कर तिकडे, झळ इकडे

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग २७ तारखेपासून आणखी २५ टक्के असा जादा आयात कर लावला. असे आकडे वाटाघाटींप्रमाणे बदलत राहतात. पण कर बसतो तेव्हा नेमके काय होते, हे समजून घेण्याजोगे आहे.

आयात कर भारतातील शेतकरी भरत नाही, की इथला कारखानदारही भरत नाही. तो भरतो माल मागवणारा अमेरिकन व्यापारी. पण तो पदरचे पैसे घालून थोडाच धंदा करणार? थोडा भार तो आपल्या गिऱ्हाइकावर टाकतो आणि उरलेल्यासाठी इथल्या निर्यातदाराला म्हणतो, ‘दर कमी करा, नाहीतर दुसरीकडून घेतो.’ निर्यातदाराचा कारखाना, कर्ज आणि कामगार इथे अडकलेले असतात. तो दर थोडा उतरवतो आणि पुढच्या हंगामात करार कमी शेतकऱ्यांशी करतो. अशा रीतीने वॉशिंग्टनमध्ये झालेली सही उतरत उतरत पाऊण एकरापर्यंत येते. वरच्या प्रत्येक पायरीवर भार खाली सरकवायला कुणीतरी असते. शेवटच्या पायरीखाली कुणी नसते.

याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने काही खाद्यपदार्थांना या जादा करातून सूट दिली. त्यात चहा, कॉफी, मसाले, केळी, आंबा असे पदार्थ होते. ही सूट कुणावर मेहरबानी म्हणून नव्हती. हे पदार्थ अमेरिकेत एक तर पिकत नाहीत किंवा पुरेसे पिकत नाहीत, आणि ते महागल्यामुळे तिथल्या गृहिणीची तक्रार सुरू झाली होती. काकडी मात्र अमेरिकेतही भरपूर पिकते. ज्या वस्तूला गिऱ्हाइकाजवळ दुसरा पर्याय असतो, त्या वस्तूच्या विक्रेत्याचा आवाज आपोआप बारीक होतो.

आपण घेणारे होतो तेव्हा

विकणाऱ्याचेच असे हाल होतात आणि घेणारा नेहमीच वरचढ असतो, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. भारत घेणारा होता तेव्हाची स्थिती आठवून पाहावी.

१९५६ साली अमेरिकेच्या पीएल-४८० या कायद्याखाली भारताने पहिला करार केला आणि अमेरिकन गहू येऊ लागला. किंमत रुपयांत द्यायची होती, त्यामुळे व्यवहार सोयीचा वाटला. पण १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्या काळात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गहू एकदम न देता थोडाथोडा, जणू महिन्याच्या रेशनसारखा सोडण्याचे धोरण धरले. भारताने शेतीचे धोरण बदलावे हा त्यांचा आग्रह होता आणि व्हिएतनाम युद्धावरील भारताची टीकाही त्यांना रुचली नव्हती. जहाज बंदराला लागले तर चूल पेटणार, अशी देशाची गत झाली. त्याआधीच पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते आणि असंख्य घरांनी ते पाळले होते.

महाराष्ट्रातील जुन्या पिढीला १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ‘मिलो’ ही परदेशी लाल ज्वारी अजून आठवते. तिची भाकरी कशी थापावी, हेच कळत नसे. बांधावर माजणारे काँग्रेस गवतही अशाच आयात गव्हाबरोबर आले, असे मानले जाते.

म्हणजे तेव्हा आपण घेणारे होतो आणि अडलेले होतो. आज घेर्किनच्या बाबतीत आपण विकणारे आहोत आणि तरीही अडलेले आहोत. तेव्हा बळ घेण्यात नाही आणि विकण्यातही नाही. ज्याच्यापाशी दुसरी वाट आहे, त्याचा शब्द व्यापारात चालतो.

महालातील प्रयोगशाळा

ही दुसरी वाट कशी तयार करतात, याचे एक उत्तर म्हैसुरातच सापडते. राजघराण्यातील एका राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिला सारे सीएफटीआरआय म्हणून ओळखतात. डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक. देश अन्नासाठी तोंड वेंगाडून उभा असण्याचे ते दिवस. जे पिकते ते वाया जाऊ नये, टिकावे आणि पोषक व्हावे, यासाठी ही संस्था काम करू लागली.

तिचे एक काम तर घराघरात पोचले आहे. बाळांसाठी दुधाची भुकटी तेव्हा परदेशातून येत असे. आपल्याकडे दूध मुख्यतः म्हशीचे. ते स्निग्ध, त्याचा पोटात होणारा साका घट्ट, म्हणून त्यापासून बाळाचे अन्न होणार नाही असा समज होता. म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी ते पचेल असे करण्याची पद्धत शोधून काढली आणि १९६० च्या सुमारास आणंदच्या सहकारी डेअरीत त्याचे उत्पादन सुरू झाले. आईच्या दुधाची सर कशालाच नाही, हे खरेच. पण ज्या बाळाला बाहेरच्या दुधाचीच गरज होती, त्याचा डबा आता जहाजाची वाट पाहत नव्हता. आणि खेड्यातील म्हशीवाल्या बाईच्या दुधाला एक नवे गिऱ्हाईक मिळाले, तेही आपल्याच देशात.

हापूसला कुणी वाचवले?

घरचे गिऱ्हाईक किती मोलाचे, हे हापूसने दाखवून दिले आहे. फळमाशी आणि कोयीतील भुंगा यांच्या भीतीने १९८९ पासून अमेरिकेचे दार भारतीय आंब्याला बंद होते. ते उघडले २००७ मध्ये, तब्बल १८ वर्षांनी. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे, कांद्यासाठी उभारलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण केंद्रात आंब्यांवर गॅमा किरण सोडण्याची सोय करावी लागली. पुढे मे २०१४ मध्ये युरोपीय संघानेही फळमाशी सापडल्यावरून भारतीय आंबा अडवला आणि ती बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली.

अठरा वर्षे एवढे मोठे दार बंद राहिले म्हणून कोकणातील बागायतदार देशोधडीला लागला का? नाही. मुंबई-पुण्यापासून अहमदाबादपर्यंतची घरे पेटीच्या पेट्या घेत राहिली. अमेरिकेला गेलेला आंबा ही वरची साय होती, दूध घरातच होते. घेर्किनच्या बाबतीत मात्र सगळीच साय, खाली दूध नाही.

व्यापाराच्या दुसऱ्या टोकालाही शेतकरीच असतो, हेही विसरता येत नाही. अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर कर लावला, तेव्हा भारताने जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा, मसूर अशा मालावर जादा कर लावला. तो २०२३ मध्ये मागे घेतला गेला. भांडण पोलादाचे आणि चिमटा बसला कॅलिफोर्नियातील बदामवाल्याला. पण त्याच्या मागे त्याच्या देशात बदाम खाणारी कोट्यवधी माणसे होती आणि जगभर विक्री करणारी संघटना होती. पाऊण एकरवाल्याच्या मागे यांपैकी काहीच नसते.

लग्नाच्या बोलणीसारखा करार

यावरून निर्यातीचे पीक घेऊच नये, असा अर्थ कुणी काढील तर तो चुकीचा ठरेल. केवळ स्थानिक बाजार असला म्हणजे सारे क्षेम, असेही नाही. नंजनगूडच्या रसबाळे केळ्याला चाहते उदंड आहेत, तरी मर रोगाने त्या केळीचे क्षेत्र पार आक्रसले. घेर्किनमुळे हजारो घरांत मुलांच्या शाळेची फी भरली जाते, बोअरवेलचा हप्ता फिटतो. प्रश्न आहे तो शहाणपणाने ते पीक घेण्याचा.

पहिली गोष्ट, करार वाचून घेण्याची. मुलीच्या लग्नाची बोलणी करताना आपण दहा गोष्टी विचारतो. मग तीन महिन्यांच्या कष्टांचा करार न वाचता अंगठा का उठवावा? कोणत्या आकाराला काय दर, माल नापसंत ठरवणार कोण, वजन कुठे होणार, पैसे किती दिवसांत मिळणार, गाडी आली नाही तर भरपाई काय, ही पाच उत्तरे कागदावर हवीत, आणि तीही शेतकऱ्याला कळणाऱ्या भाषेत. हा कागद घरातील बाईनेही वाचावा, कारण रोजची तोडणी तिच्याच हातून होणार आहे.

दुसरी गोष्ट, सगळी जमीन एकाच पिकाला न देण्याची. चार गुंठे का होईना, पण घरात शिजेल किंवा जवळच्या बाजारात विकेल असे काही असावे. नाचणी असो, वाल असो की भाजीची काकडी असो. हे पीक श्रीमंत करणार नाही, पण कंपनीच्या माणसाशी बोलताना शेतकऱ्याची मान ताठ ठेवील.

तिसरी गोष्ट एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या हातातली नाही. ती कारखानदारांची आणि सरकारची. भारतीय शहरांत आता बर्गर आणि सँडविच मुलांच्या डब्यापर्यंत पोचले आहेत. मग त्यातील आंबट चकतीचे गिऱ्हाईक देशातच का शोधू नये? परदेशी व्हिनेगरची चव आवडत नसेल, तर मोहरी-मिरची घातलेले मिडी सौतेचे लोणचे का असू नये? मिडी आंबा बरणीत घालणाऱ्या मुलखाला ही युक्ती शिकवावी लागणार नाही. आणि अशा गोष्टी टिकाऊ, निर्धोक आणि विकण्याजोग्या करण्याचे शास्त्र तर म्हैसुरातच आहे.

दोन मोठे देश व्यापाराची बोलणी करतात, तेव्हा एखाद्या वर्षी कर वाढतो, एखाद्या वर्षी उतरतो. ते थांबवणे कुणा शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु करारावर सही करण्याआधी एक साधा प्रश्न विचारणे त्याच्या हाती नक्कीच आहे: उद्या कंपनीची गाडी आली नाही, तर हा माल कोण खाईल? या प्रश्नाला ‘शेजारी’, ‘गाव’ किंवा ‘जवळचे शहर’ असे काही उत्तर असेल, तर खुशाल पेरावे. ‘कुणीच नाही’ असे उत्तर आले, तर निदान निम्मे रान दुसऱ्या पिकासाठी राखून ठेवावे.